पायाळू पाहिजे

अमडापूर
गुरुवार, दुपार

प्रिय मुबीना,

बोर्डिंगच्या मागच्या पायऱ्या तुला आठवतात का? शनिवारी संध्याकाळी आपण सगळ्या तिथे ओळीने बसून बुटांना पॉलिश करत असू. डबी आपल्या दोघींत एक, ब्रशही एकच. तू डावा बूट आधी घ्यायचीस आणि त्याच्यावर इतका वेळ घालवायचीस की उजव्याच्या वाट्याला नुसता पॉलिशचा वास उरायचा. मी एकदा विचारलं, तर मान वर न करता म्हणालीस, "डावा माहा कामाचा पाय हाय बे. उजवा नुसता सोबतीले." ती संध्याकाळ कोणत्या वर्षातली, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. जेवणाची घंटा झाली, आपण उठलो, हात धुतले, एवढंच. पण सोमवारपासून मी छताकडे तोंड करून पडून आहे, आणि छतावर पाहण्यासारखं काही नसल्यामुळे तो डावा बूट मला तिथे स्पष्ट दिसतो.

आता रीतीप्रमाणे. तुला सप्रेम नमस्कार आणि सलाम. वकारभाईंची साखर कशी आहे? सकाळचं चालणं चालू आहे, की चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत येणं यालाच ते चालणं म्हणतात? सूनबाई उमैमाला आशीर्वाद. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? तो बसवून वर्ष होत आलं असेल. जिना चढता येतो का? पाय गुडघ्यात वाकवून परत झटक्याने सरळ करता येतो का? (ही चौकशी मी नुसती रीत म्हणून करत नाही, पण ते पुढे.) इकडे सर्व क्षेम आहे, असं हाताच्या सवयीने लिहून गेले होते. नंतर खोडलं. खोडलेलं दिसत असेल.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. उमैमा गुणाची आहे, पण तुझ्या कानांसाठी ती फोन स्पीकरवर लावते आणि मग तुमच्या मलकापूरची अर्धी गल्ली माझी खुशाली ऐकते. इथे विषय कमरेचा आहे. आपल्याला तर हा शब्द मोठ्याने उच्चारायचीही चोरी होती, सिस्टर बेनेडिक्टा 'मधला भाग' म्हणायला लावायच्या. म्हणून पत्र. पोटावर पाट ठेवला आहे आणि त्यावर कागद. पेन वर धरलं की चालत नाही, तेव्हा पेन्सिल घेतली आहे. ओळी वरखाली झाल्या असतील तर तो माझा श्वास आहे, वय नव्हे.

तर सोमवारी सकाळी मी अंगणात एक सेफ्टी पिन पडलेली पाहिली. पिन दिसली की उचलायची, हे आपल्या हाडात बसलेलं. मी वाकले, गुडघ्यातून नव्हे, कमरेतून. तिथे काहीतरी चमकलं आणि मी जिथे होते तिथेच राहिले. उसण भरली. खालीही जाता येईना, वरही येता येईना, बोलायला जावं तर श्वास घेण्यानेही कळ यायची. माझं तोंड जमिनीकडे आणि पिन समोर, हातभर अंतरावर. इतक्यात शेजारचे शेषराव गेटातून आत आले. (हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी अजून कुठेही शिरताना दाराच्या चौकटीला दोन टिचक्या मारतात.) त्यांनी विचारलं, "काय हारपलं बाई?" मी उत्तर दिलं नाही, तर त्यांनी ते गंभीर दुःखाचं लक्षण मानलं आणि स्वतःही वाकून शोधायला लागले. मग भांडी घासायला पुष्पाबाई आली. ती म्हणाली, "बाई, काऊन वाकून राह्यल्या?" माझ्या वतीने शेषरावांनी सांगितलं, "सोन्याचं काहीतरी हाय वाटते. बोलून नाही राह्यल्या त्या." झालं. पुष्पाबाई बसून शोधायला लागली, तिला पाहून रस्त्यावरच्या दोघीतिघी आल्या. सगळं अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत पालथं घालण्यात आलं आणि मी मधोमध, पुढाकार घेतल्यासारखी. एक चमचा सापडला, दोन गोट्या सापडल्या, आणि आमच्या रामरावांच्या चष्म्याची एक काडी सापडली. ती काडी ते गेले त्या उन्हाळ्यात मी सगळीकडे शोधली होती. ती आता उशीखाली आहे. शेवटी शेषरावांना पिन दिसली. त्यांनी ती नीट पाहिली, "ही पिन हाय नुसती" म्हणाले आणि भिंतीपलीकडे फेकून दिली. तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावरून त्यांना समजलं की हरवलेलं काही नाही, बाईच अडकल्या आहेत.

मला उचलून पलंगावर ठेवलं. त्यानंतरचे उपचार सविस्तर सांगत नाही. एरंडाची पानं गरम करून बांधली. मिठाची पुरचुंडी झाली. मग पुष्पाबाईने वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि कमरेखाली सरकवली, आणि शेजारणीशी बोलायला म्हणून बाहेर गेली. ती चांगलं बोलते, त्यामुळे वेळ लागला. दुसऱ्या दिवशी चिखलीच्या डॉक्टरांनी मला पालथं करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की आजी, हा चौकोन कशाचा?

चिखलीला कशी गेले ते मात्र सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. बसता येत नव्हतं, म्हणजे रिक्षा नाही. आपला अकील (माझा विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत काठावर पास, माणूस म्हणून पहिल्या वर्गात) त्याचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. मागच्या हौद्यात गादी टाकली, त्यावर मला आडवं केलं. ऊन आणि धूळ लागू नये म्हणून पुष्पाबाईने माझ्यावर चादर घातली, आणि स्वच्छ म्हणून पांढरी निवडली. स्वतः ती उशाशी बसली आणि पदर डोळ्यांना लावून बसली, कारण डोळ्यांत धूळ जात होती. मला धक्का लागू नये म्हणून अकील इतका सावकाश चालवत होता की सायकली पुढे जात होत्या. सोयाबीन काढणीचे दिवस, रस्त्याच्या कडेने माणसं होती. मी चादरीखालून पाहत होते. माणसं टोप्या काढत होती. एका म्हाताऱ्याने ट्रॅक्टर बाजूला घेऊन बंद केला आणि हात जोडून उभा राहिला. एका बाईने धावत येऊन झेंडूची दोन फुलं टाकली. ती माझ्या नाकावर पडली आणि मला शिंक आली. उसण भरलेली असताना शिंकणं काय असतं हे तुला माहीत नसेल, आणि शिंकणारं प्रेत पाहणं काय असतं हे त्या बिचारीला आता माहीत आहे.

आम्ही चिखलीला पोचायच्या आधी मी वारल्याची बातमी पोचली होती. डॉक्टरांच्या बाकावर पडल्या पडल्या मला माझाच फोटो मोबाइलवर आला. निवृत्तीच्या समारंभातला होता, त्यामुळे गळ्यात हार आधीच होता, त्यांचं काम वाचलं. खाली 'भावपूर्ण श्रध्दांजली' लिहिलं होतं. त्यातल्या जोडाक्षराचे द आणि ध उलटे लागले होते. लिहिणारा माझाच कुणी विद्यार्थी असणार, पण मी इंग्रजी शिकवत होते, ती जबाबदारी माझ्यावर येत नाही. डॉक्टर तरुण होते आणि फार सभ्य होते. त्यांनी एक्स-रे काढला, हाडं ठीक आहेत म्हणाले, स्नायू आखडले आहेत, गोळ्या घ्या, पट्टा लावा, आठदहा दिवसांत मोकळं होईल. मी विचारलं, त्याआधी? ते म्हणाले, त्याआधी दुखेल.

आठदहा दिवस मी आनंदाने दुखू दिलं असतं गं. पण तोवर तो हारवाला फोटो पुण्याला आमच्या गजेंद्रच्या फोनवर गेला होता. तो ऑफिसात होता. त्याने मला फोन केला तेव्हा मी 'हॅलो' म्हटलं, तर पलीकडून काही ऐकूच येईना. बऱ्याच वेळाने कळलं की माझा बेचाळीस वर्षांचा मुलगा रडतो आहे. मग तो हसला, मग रागावला, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, आई, आता बास. रविवारी येतो. घर बंद करू, तू आता कायमची इकडेच. मुबीना, तो ओरडला असता तर मी भांडले असते. हळू बोलणाऱ्या मुलाशी कसं भांडायचं ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. संध्याकाळी सूनबाई प्राचीने माझ्यासाठी तयार ठेवलेल्या खोलीचे फोटो पाठवले. नववा मजला. खोली हवेशीर आहे, पलंगाला नवीन चादर आहे, आणि न्हाणीघरात भिंतीला पकडायला एक चकचकीत दांडी बसवली आहे. सगळं मायेने केलेलं आहे, ते मला दिसतं. पण त्या दांडीकडे मी पाहत राहिले. ती माझी वाट पाहत होती. त्या घरात मला ओळखणारी माणसं दोन, तीही सकाळी कामाला जाणार, आणि मग दिवसभर मी आणि ती दांडी.

इथे माझं काय आहे, असं गजेंद्र विचारतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आहे, रामरावांनी लावलेला पेरू आहे, त्याला कीड लागते. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण 'बाई, जेवल्या का' विचारतो आणि उत्तर न ऐकता पुढे जातो. तरी विचारतो. हे पुण्याला सांगता येत नाही, म्हणून मी त्याच्याशी सौदा केला. मी म्हटलं, रविवारी तू दार वाजव. मी माझ्या पायांनी चालत येऊन, सरळ उभी राहून दार उघडलं, तर विषय संपला, परत काढायचा नाही. नाही उघडलं, तर तू म्हणशील तिथे येईन आणि दांडी धरीन. तो कबूल झाला. तो शब्दाचा पक्का आहे, ती माझीच चूक, लहानपणी मीच शिकवलं. (पुष्पाबाईचं म्हणणं असं की रविवारी पहाटेच मला दाराच्या मागे उभं करून दोरीने कडीला बांधून ठेवावं. मी तिला म्हटलं, दार उघडलं की मी दाराबरोबर फिरेन. ती म्हणाली, "फिरा ना, तेवढंच चालल्यासारकं दिसते.")

पण मग पुष्पाबाईनेच खरा उपाय सांगितला. "बाई, उसनीले डाक्टर काय करन? पायाळू पाह्यजे." प्राची तेव्हा फोनवर होती, तिने विचारलं, पायाळू म्हणजे काय? मी तिला सांगितलं की काही माणसं डोक्याऐवजी पाय आधी घेऊन जन्माला येतात, आणि अशा माणसाने कमरेला लाथ मारली की उसण उतरते. मग ती म्हणाली, आई, गोळ्या वेळेवर घेताय ना?

घेते आहे. गोळ्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मला त्याच क्षणी शिवणकामाची खोली आठवली. सिस्टर बेनेडिक्टा प्रार्थनेच्या वेळी खडू उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या, आणि ही काहीतरी विशेष प्रार्थना असावी असं समजून सगळा वर्ग तसाच वाकून राहिला, तो दिवस. शेवटी स्वयंपाकीणबाईंनी पायाळू म्हणून तुझं नाव सांगितलं. सिस्टर बाकावर पालथ्या, पाठीवर इस्त्रीचा टॉवेल, तू डाव्या पायाचा मोजा काढून घडी करून माझ्या हातात दिलास. सिस्टर म्हणाल्या, जरा हळू, बाळ. तू म्हणालीस, "हळू मारली तर लागू नाही पडत, सिस्टर." आणि मारलीस. सिस्टर उठून ताठ उभ्या राहिल्या, छातीवर क्रूस केला आणि देवाचे आभार मानले. तू तिथेच म्हणालीस, "काम मी केलं ना बे!" त्यावर त्यांनी तुला 'बे' म्हटल्याबद्दल बाहेर उभं केलं, आणि तू खिडकीतून ओरडून सांगितलंस की ते बेनेडिक्टाचं लघुरूप आहे. मोजा माझ्याच हातात राहिला होता. पूर्ण तास तू एका पायात मोजा घालून व्हरांड्यात उभी होतीस आणि आत सिस्टर काहीही कारण नसताना पुन्हा पुन्हा खडू खाली टाकून उचलत होत्या.

असो. पायाळू शोधायचा म्हणून मी आमच्या बायकांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. चष्मा नव्हता, फोन डोक्यावर धरलेला, आणि फोनला माझ्यापेक्षा मराठी जास्त येतं अशी त्याची समजूत. मी लिहिलं होतं, 'घरी पायाळू माणूस पाहिजे. फार गरज आहे. कृपया लवकर यावे.' फोनने 'पायाळू' खोडून 'मायाळू' केलं. मला कळलंच नाही. मी पाठवून डोळे मिटले.

अर्ध्या तासात अश्विनी आली. (हीसुद्धा माझीच विद्यार्थिनी, आता अंगणवाडी चालवते.) दारातच तिचे डोळे भरलेले. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमी कदी बोलल्या नाही. आमाले काय माईत तुमाले इतकं एकटं वाटते म्हनून." मी म्हटलं, अगं, मला... आणि थांबले. त्या चेहऱ्याला 'मला तुझा हात नको, कुणाचा तरी पाय हवा आहे' असं सांगायचं कसं? मग बाकीच्या आल्या. खिचडी आली, भाकरी-ठेचा आला, तीन घरांतून वांग्याची भाजी आली. एकीने केसांना तेल लावलं. एकीने पाय चेपले, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं. ज्या तिघींचं आपसांत गेल्या दिवाळीपासून बोलणं नाही त्या माझ्या पलंगाच्या तीन बाजूंना बसल्या आणि तिघींनीही एकाच वेळी मला भरवलं. शेषराव पण आले, चौकटीवर टिचक्या मारून. म्हणाले, "मी काई फार मायाळू नाही बाई, पन बसतो." आणि खरंच बसले, दिवे लागेपर्यंत. माझी कंबर कुणाच्याही लक्षात राहिली नाही. काही वेळ माझ्याही.

आज सकाळी मी चष्मा लावून योग्य शब्द पाठवला. त्यावर दूधवाला सहदेव आला, वासरू घेऊन. ते त्याने सरळ खोलीत आणलं. म्हणाला, "बाई, पायाळू हाय हे. मी सोता पाह्यलं, पाय आंधी आले." पुष्पाबाई म्हणाली, "अबे सहदेव, वासराचे पाय आंधीच येतात! साऱ्याच वासराचे!" त्याने क्षणभर विचार केला. "मंग तर सारेच पायाळू. एकाने नाही झालं तं दुसरं आनतो." मी हसले, आणि हसण्याची कळ शिंकेपेक्षा वाईट असते हे कळलं. वासराने माझ्या कमरेचं एरंडाचं पान ओढून घेतलं. एरंड जनावरांना चांगला नाही, तेव्हा त्याच्या तोंडातून ते परत काढण्यात सकाळ गेली. गावात दुसरा पायाळू नाही. एक होता, तो कामासाठी सुरतेला गेला.

तेव्हा आता रविवारी काय होणार ते मला दिसतं आहे. मी रडत वगैरे नाही. सिस्टर म्हणायच्या की नीटनेटकी बाई निघण्याआधी आपलं कपाट आवरते, म्हणून मी पडल्या पडल्या आवरते आहे. माझ्यामागे (म्हणजे पुण्याला गेल्यावर, पण तू दुसरा अर्थ घेतलास तरी फार फरक पडत नाही) वस्तू अशा जाव्यात. शिलाई मशीन पुष्पाबाईला. रामरावांचा रेडिओ शेषरावांना, त्याला टिचकी कुठे मारायची ते त्यांना माहीत आहे. इंग्रजीचा मोठा शब्दकोश अकीलच्या मुलीला, अकीलला नव्हे. पाटा-वरवंटा अश्विनीला. वांग्याची भाजी तिन्ही घरांना परत, डबे अदलाबदल करून, म्हणजे त्यांना एकमेकींकडे जावं लागेल. वासराला सरकीच्या ढेपेचं अर्धं पोतं. पेरू कुणाला देता येत नाही, तो घराबरोबर राहील. आणि तुला तो बुटाचा ब्रश. हो, तो माझ्याकडे आहे. शेवटच्या दिवशी तू तो पायऱ्यांवर विसरलीस. केस झिजले आहेत, लाकडावर तू पिनेने कोरलेला 'म' अजून वाचता येतो.

तुला मी यायला सांगत नाही. तुझा गुडघा, तो रस्ता, वकारभाईंची साखर, सगळं मला समजतं. नुसतं कळावं म्हणून लिहिलं. सर्वांना सलाम.

तुझी,
वच्छी
(इथे सगळे वच्छलाबाई म्हणतात. 'वच्छी' म्हणणारी आता तू एकटीच उरलीस.)

ता. क. हे पत्र अकील घेऊन येतो आहे. तो उद्या कापूस घेऊन मलकापूरला येणार आहे आणि माल उतरवल्यावर तुझ्या दाराशी थांबणार आहे. तू पत्र वाचून होईपर्यंत तो बाहेर उभा असेल, त्याला चहा दे. त्याला मी सांगितलं आहे की रिकाम्या गाडीने परत येऊ नकोस. पुढच्या सीटवर गादी टाकली आहे. पांढरी चादर नाही, खात्री करून घेतली. गुडघा नवा असला तरी पाऊल जन्माचंच आहे, म्हणजे गुण गेलेला नसणार. डॉक्टरांना विचारायचं असेल तर त्यांच्या भाषेत विचार, लाथ म्हणू नकोस, व्यायाम म्हण. तू म्हणशील, वच्छी, तू शिकलेली, तुझा ह्याच्यावर विश्वास आहे? गोळी कुणाचीही चालते गं. लाथ ओळखीची लागते.

आणखी एक. तू आलीस की अश्विनी विचारेल, मायाळू त्या ह्याच का? नाही म्हणून सांग. तुझ्यावर तो आरोप आजवर कुणीही केलेला नाही.

ता. ता. क. पत्र मोठ्याने वाचून पाहत होते ते पुष्पाबाईने ऐकलं आणि शिलाई मशीन आत्ताच डोक्यावर घेऊन घरी गेली. शेषराव रेडिओसाठी येऊन बसले आहेत, बातम्या इथेच ऐकतो म्हणतात. तेव्हा वरचं वाटप रद्द समजावं. मशीन मी उभी राहिले की स्वतः जाऊन आणीन. नवीन वाटप खालीलप्रमाणे, आणि हेच खरं धरावं:

रविवारी गजेंद्रला कुरडयांचा डबा, पुण्याला एकट्याने न्यायला. प्राचीला माझी जांभळी साडी आणि एक चिठ्ठी, की दांडी फार छान आहे, टॉवेल वाळत घालायला तिचा उपयोग करावा. वासराला ढेप ठरल्याप्रमाणे, त्याने प्रयत्न केला. ब्रश तुला, पण इथे येऊन न्यायचा, पाठवणार नाही.

आणि वच्छीला शनिवारी संध्याकाळी, मोजा काढून, हळू नको, डाव्या पायाची एक.